चोरीची वेल आणि मी

मित्रांनो, मी एक जुना विळा आहे. भिलाईतल्या एका क्वार्टरच्या मागच्या अंगणात, खिडकीशेजारच्या खिळ्याला मी टांगलेला असतो. माझं टोक मोडलेलं आहे. येणारे-जाणारे मला बघून म्हणतात, "हा भंगारात का टाकत नाही?" त्यांना माझी गोष्ट ठाऊक नसते. तुम्हाला सांगतो, पण आधीच सांगून ठेवतो, ती गोड नाही.

माझा जन्मच मुळी मार खाऊन झाला. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात पुंडलिक लोहारानं ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा भट्टीत घातला. तो लाल झाल्यावर ऐरणीवर ठेवला आणि त्याच्यावर घण घातले. घाव चुकवायला मला जागा नव्हती, संडशीनं मानगूट धरली होती. मग तसाच पाण्यात बुडवला. मी किंचाळलो, आणि पुंडलिक हसून म्हणाला, "आता याले राग आला. आता कापन!" लोहाराला आपलं लेकरू बरोबर कळतं. मी रागीट आहे आणि मला कापायला आवडतं. विळ्यानं साधुसंताचा आव आणू नये.

बाभळीची मूठ बसली आणि मी माझी मालकीण मैनाबाई हिच्या बापाच्या घरी गेलो. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, मी मनसोक्त हात मारला. पुढं मैनाबाईचं लग्न तेजरामशी झालं. तेजराम भिलाईच्या कारखान्यात भट्टीवर होता. सासरी येताना तिनं ट्रंकेत लुगडी ठेवली, लुगड्यांत बियांच्या पुरचुंड्या ठेवल्या आणि सगळ्यांच्या तळाशी मला. पोपट वालाचं बी, दोडक्याचं बी, सगळं राखेत घोळलेलं. आई म्हणाली होती, "बाई, लोखंडाच्या गावाले जाऊन राहिली तू. तिथं भाजी कोण देईल तुले?"

गावाचं नाव लोखंडाचं, पण माती चांगली निघाली. क्वार्टरमागचं रान मी कापून काढलं. तिथं एकदा घोणस निघाली, वेटोळं घालून फुसफुसत होती. मैनाबाईनं ओरडण्यात वेळ घालवला नाही, माझ्या एका घावात तिचं मुंडकं वेगळं केलं. दोन्ही तुकडे बराच वेळ वळवळत होते. त्या दिवशी तिनं मला खोबरेल लावलं. एवढं कौतुक मला पुन्हा मिळालं नाही.

मग पुढच्या अंगणात अदलाबदल सुरू झाली. पावसाळा सरत आला, की तेजराम ड्यूटीवर गेल्यावर दुपारी बाया जमत. सिमेंट कारखान्याच्या जामुलहून गयाबाई येई. तिच्या गच्चीवरच्या पानांवर कायम सिमेंटची भुकटी, पण लवंगी मिरची अशी की डोळ्यांतून पाणी काढील. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतून शेवंता येई, गावठी गुलाबाच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून. कुणी छत्तीसगडी चेच भाजीचं बी आणी. विकत काही नाही आणि फुकटही नाही, दिलं तर घ्यायचं, घेतलं तर द्यायचं. मुनग्याची, म्हणजे शेवग्याची, जाड फांदी तोडायची वेळ आली, की मला खिळ्यावरून काढत. मी फांदीवर पडलो की ओल्या ढलप्या उडत. त्या काडीचं दुसऱ्या कुणाच्या अंगणात झाड होई. मित्रांनो, कापून काही वाढतं, हे मला तिथंच पहिल्यांदा कळलं.

या अदलाबदलीत एका झाडाचा कायदा मात्र वेगळा होता. मागच्या भिंतीवर मैनाबाईची मनीप्लांटची दांडगी वेल चढली होती. ही वेल मागून घ्यायची नाही, चोरूनच न्यायची. मागून नेली तर लागत नाही आणि घरात बरकत येत नाही, असं सगळ्या म्हणत. ज्या बाईला वेल हवी असे, ती हळूच उठून मागच्या गल्लीत जाई आणि भिंतीवरून हात घालून वेल तोडी. बाकीच्या पाठ फिरवून बसत. मैनाबाई स्वयंपाकघरात जाऊन भांडी खणाखणा आपटे, म्हणजे आपल्याला काही ऐकू आलंच नाही! मग चोरटी पदराखाली वेल लपवून परत येई आणि हसून हसून सगळ्यांची पोटं दुखत.

शेवंताचा नवरा धोंडबा तिला चिडवी, "रोज पंचशील म्हणते अन् लोकांची वेल चोरते!"

"अहो, ते बरकत-फिरकत आमी कोठी मानतो? खेळ आहे तो," ती म्हणे.

हा खेळ बायांचा होता. तेजरामला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण त्या वेळी तो कायम कारखान्यात असे. आणि मग तो रिटायर झाला.

रिटायर झालेला माणूस म्हणजे घरात मोकळा सुटलेला बैल. क्वार्टर लीजवर राहिलं, पण तेजरामला वेळ जाईना. त्यातच चोरांनी मागच्या अंगणातली पाण्याची मोटार पाइपासकट उपटून नेली. शेजाऱ्यांकडेही असंच झालं होतं. तेजराम पेटला. त्यानं नवी मोटार भिंतीलगत बसवली आणि मला दगडावर घासून घासून अशी धार लावली, की केस टेकवला तरी तुटावा. "येऊ द्या भडव्याले," तो पुटपुटे. मला त्याचा तो राग आवडला. रागानं धरलेली मूठ मला लगेच ओळखू येते.

त्या साली अदलाबदलीला बाया नेहमीसारख्या पुढच्या अंगणात जमल्या. शेवंताच्या लेकीला, प्रेरणाला, रेल्वेत नोकरी लागून नवं क्वार्टर मिळालं होतं. लेकीच्या दारात लावायला शेवंताला वेल हवी होती. ती हळूच उठून गल्लीत गेली. बायांनी पाठ फिरवली. मैनाबाई आत जाऊन भांडी आपटू लागली. तेजराम मागच्या खोलीत झोपला आहे, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. वर्षानुवर्षं त्या वेळी तो घरात नसेच.

भांड्यांच्या आवाजानं तो जागा झाला. जाळीतून त्याला भिंतीवरून आत आलेला एक हात दिसला, मोटारीच्या वर, काहीतरी ओढत असलेला. त्यानं मला खिळ्यावरून ओढलं, तीन ढांगांत भिंत गाठली आणि हाणलं.

धार नवी होती. वेल, बांगडी आणि बोट एकदमच तुटलं.

"माय वं!" भिंतीपलीकडून किंकाळी आली. तो आवाज तेजरामच्या ओळखीचा होता. त्या बाईच्या हातची भाकर तो जेवला होता. मी त्याच्या हातातून चिखलात पडलो. माझ्याशेजारी वेलीचा तुकडा पडला होता, आणि वेलीशेजारी शेवंताची करंगळी. आत मैनाबाई अजून भांडी आपटत होती आणि पुढं बाया खिदळत होत्या.

पुढची धावाधाव मी चिखलातूनच पाहिली. शेवंताला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. करंगळी काही जोडली गेली नाही. शेजारच्या बोटाची शीर तुटली होती, ती कशीबशी शिवली. मला कुणी उचललं नाही. रात्रभर माझ्यावर रक्त वाळत राहिलं आणि सकाळपर्यंत मला गंज चढला.

सकाळी शेवंताचा मुलगा सुगत आला. रेल्वेच्या यार्डात काम करणारा धिप्पाड पोरगा, सोबत दोन मित्र आणि तिघांच्या हातात सळया. त्यांनी मागच्या अंगणाचं फाटक लाथेनं उघडलं. पहिली सळई गुलाबाच्या कुंड्यांवर पडली. हे गुलाब त्याच्याच आईच्या काड्यांचे, पण रागाला वंशावळ कळत नाही. कुंड्या फुटल्या, मुनगा कमरेतून मोडला, पोपट वालाचा मांडव जमिनीवर आला. मैनाबाई आडवी आली तर ढकलली जाऊन तुळशीच्या ओट्यावर आपटली आणि तिच्या कपाळातून रक्त वाहू लागलं. तेजराम बाहेर आला. त्याच्या खांद्यावर सळई बसली, मग पाठीवर, मग गुडघ्यावर. त्यानं हात वर केला नाही.

तेवढ्यात सुगतला मी दिसलो.

"इसी से काटा ना?" त्यानं मला चिखलातून उपसलं. तेजरामला फरफटत धुण्याच्या दगडाशी नेलं आणि त्याचा पंजा दगडावर दाबून धरला. "मेरी माँ की उंगली गई. आता तुमची जाईल."

"काप," तेजराम म्हणाला. त्याचे ओठ फुटले होते. "काप बाबू. तुझा हक्क आहे."

मित्रांनो, माझ्या पोटातलं सांगतो. मी तहानलेला होतो. ज्या हातानं मला धरलं होतं, तो गरम होता, भट्टीतून नुकत्याच निघालेल्या लोखंडासारखा. असा हात माझ्यासारख्याला आवडतो. मी वर गेलो.

फाटकाशी धोंडबाची स्कूटर थांबली. मागच्या सीटवरून शेवंता उतरली ती पळतच आली. हाताला हे एवढं मोठं पांढरं बँडेज. तिनं आपला तो हात दगडावर, तेजरामच्या पंजावर ठेवला.

मी तोवर खाली निघालो होतो. सुगतनं जिवाच्या आकांतानं मनगट फिरवलं. मी दगडावर आदळलो, ठिणग्या उडाल्या आणि माझं टोक तुटून लांब जाऊन पडलं. दोन्ही हात शाबूत होते.

"कावून थांबला?" शेवंता म्हणाली. "काप नं. पहिले माझा हात लागन, मग भाऊचा."

"आई, हाथ हटा! यानं तुझं बोट..."

"मालूम आहे मले. बोट माझं गेलं ना? मग हिशेब मी करन. लोकाच्या भिंतीवरून मी हात घातला होता. खेळ म्हणा का काही म्हणा, कोणी न देता घेऊन राहिली होती मी."

सुगतच्या हातातून मी गळून पडलो. तो तिथंच चिखलात बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. त्याचे मित्र सळया मागं लपवत फाटकाबाहेर गेले. धोंडबानं खांद्यावरचा पंचा काढून मैनाबाईच्या कपाळाला बांधला.

शेवंता तेजरामकडे वळली. "भाऊ, प्रेरणाच्या दारात लावाले वेल पायजे. मी मागून राहिली. द्या."

तेजरामनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला मला हात लावायची इच्छा नव्हती, हे मला स्पष्ट दिसलं. तरी तो वाकला. त्यानं मला टाकीच्या पाण्यात धुतलं, चोळून चोळून, बोटं दुखेपर्यंत. भिंतीवर वेल जेमतेम उरली होती. तिच्यातली एक पेरं असलेली काडी त्यानं कापली. टोक मोडलेल्या विळ्यानं कापलेली ती काडी काही नीट नव्हती. त्यानं ती दोन्ही हातांवर ठेवून शेवंताला दिली. "ताई," तो म्हणाला आणि त्यानं हात जोडले.

सगळ्या बाया म्हणाल्या, मागितलेली वेल लागायची नाही. पण चरोद्याला प्रेरणाच्या दारात ती लागली, खिडकी झाकून छपरावर गेली. तेव्हापासून मैनाबाईच्या अंगणात मनीप्लांट तोंडानं मागतात आणि स्वयंपाकघरातली भांडी गुपचूप राहतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं हत्यार असेल, तर त्याला ओलं ठेवू नका, तेलाचं बोट लावा आणि खिळ्याला टांगा. धारही लावा, धार नसलेला विळा कुणाच्या कामाचा नाही. फक्त आम्हाला रागात उचलू नका. आम्हाला चोर आणि शेवंता यांतला फरक कळत नाही. तो तुम्हालाच कळायला हवा.

अदलाबदल आजही होते. मुनगा पुन्हा फुटला आहे. त्याची फांदी तोडायला मला खिळ्यावरून काढते ती शेवंताच, दुसऱ्या कुणाला ती हात लावू देत नाही. ती मला घट्ट धरते, आणि प्रत्येक वेळी मुठीच्या खालच्या टोकाला, जिथं करंगळी यायला हवी, तिथं मला काहीच लागत नाही.