दक्षिणेकडे पाय

"पुन्हा उलट्या झोपलात, मेमे?"

मासेर तेरेजनं ब्लँकेट उचललं, तर उशीवर दोन पाय आणि पायथ्याला भगवतीचं डोकं! तेही खिडकीला अगदी चिकटून. खिडकीच्या फटीतून बेटावरच्या क्युरपिप गावाचा तो हिवाळी पाऊस, जो पडतो कमी आणि भिनतो जास्त, आत येत होता. म्हातारीचे केस ओले झाले होते. अंगात ताप होता, आणि खोकला तर असा, की खाटेचे पाय हलावेत.

"तिकडून वारा येतो, म्हणून तर सगळ्या उशा भिंतीकडे ठेवल्यात आम्ही," मासेर तिथल्या क्रेओल बोलीत समजावत होती. "फेर फ्रे, मेमे! थंडी काय म्हणतेय ती बघा. मरायचंय का तुम्हाला?"

मासेर, म्हणजे मठातली सिस्टर, सगळ्याच म्हाताऱ्यांना मेमे म्हणायची, म्हणजे आजी. तिच्या आवाजात माया होती, पण भगवतीला ऐकू आला तो एकच शब्द, मरण. तिच्या काळजात धस्स झालं. मासेरनं खांद्याला धरून तिला नीट फिरवलं, डोक्याखाली उशी सारली, ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढलं. भगवतीनं सगळं निमूट करू दिलं. मासेरची पाठ वळली, दाराचा आवाज झाला, आणि म्हातारी कण्हत कुथत पुन्हा फिरली. डोकं खिडकीकडे, पाय उशीवर.

चार दिवस हाच खेळ चालला होता. मासेरनं आता हात टेकले होते. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं तिला वाटू लागलं होतं.

चर्चच्या मागचं हे सिस्टरांचं घर. हिवाळा आला की तिथली लांबट खोली सिस्टर बिनछपराच्या लोकांसाठी उघडत. बायकांसाठी ही, पुरुषांसाठी अंगणापलीकडची. संध्याकाळी त्यांची जुनी गाडी गावात फिरायची आणि बाजाराच्या पडवीत, बस थांब्यावर, दुकानाच्या पायरीवर कुडकुडत बसलेल्यांना घेऊन यायची. गरम सूप, पाव, लोकरीचं ब्लँकेट आणि स्वच्छ पांढरी चादर. कोण कुठला, कोणत्या देवाचा, हे कुणी विचारत नसे. भगवतीला नेमकी त्याचीच भीती वाटली. न विचारता देणाऱ्याच्या मनात काय आहे, ते कसं कळावं?

तशी ती भित्री नव्हती. सें पिएरच्या मराठी घरातली पोर, लग्न होऊन क्युरपिपला आली आणि लवकरच कपाळ पांढरं करून बसली. मूलबाळ जगलं नाही. मग गोऱ्या मादामच्या बंगल्यावर कपडे धुवायला लागली ती लागलीच. या गावात कपडे धुणं सोपं, वाळवणं महाकठीण. ढगाच्या कोणत्या भोकातून ऊन केव्हा डोकावेल आणि कोणत्या दोरीवर पडेल, हे हेरण्यात तिचा जन्म गेला. देश स्वतंत्र झाला आणि मादामचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघून गेलं. बंगल्यामागची कपडे धुण्याची पत्र्याची खोली तेवढी भगवतीकडे राहिली. फेब्रुवारीतल्या त्या मोठ्या वादळानं तीही उचलून नेली. जेर्वेज म्हणत त्या वादळाला. नाव बाईचं आणि काम कसायाचं. मग तेर रूज गावच्या भाच्याकडे, प्रेमचंदकडे, काही दिवस काढले. तिथं भाचा चांगला होता, पण घर भाचेसुनेचं होतं. एके दिवशी गाठोडं बांधून म्हातारी स्वतःच निघाली आणि आपल्या ओळखीच्या थंडीत परत आली. बाजाराच्या पडवीत झोपली तेव्हासुद्धा ती घाबरली नव्हती.

घाबरली ती इथं, ऊबदार खोलीत.

पहिल्या रात्री सूप पिऊन ती मेल्यासारखी झोपली. सकाळी ढग जरा फाटले आणि डाव्या हाताच्या खिडकीतून उन्हाची पट्टी आत आली. उन्हाशी तिची जन्माची ओळख. तिनं सवयीनं हिशेब लावला, हे पूर्व, म्हणजे डोक्यामागची भिंत... आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. तिनं मान उचलून पाहिलं. खोलीतल्या साऱ्या बायका एका ओळीत, पांढऱ्या चादरींवर, दक्षिणेकडे पाय करून पडल्या होत्या.

दक्षिणेकडे पाय करून जिवंत माणूस झोपत नाही. ती यमाची दिशा. तिच्या आईला असंच ठेवलं होतं जमिनीवर, नवऱ्यालाही. पणजोबांनी कोकणातून येताना जहाजात जे काही आणलं, त्यात हा नियमही आला होता. वारा मात्र तिकडचा आला नाही. तिकडे थंडी उत्तरेकडून येते, या बेटावर ती दक्षिणेच्या समुद्रावरून येते. नियम पाळायचा तर डोकं वाऱ्याच्या तोंडी द्यावं लागतं. भगवतीनं दिलं.

मासेरला सांगितलं का नाही? आई म्हणायची, यमाचं नाव काढू नये, तो कान देऊन ऐकत असतो. आणि सांगायचं कुणाला? ज्यांनी असं झोपवलं, त्यांनाच? भगवतीच्या मनानं सगळं जुळवून टाकलं होतं. गाडीत घालून म्हाताऱ्यांना आणतात, खाऊ घालतात, पांढऱ्यावर निजवतात, आणि मग मेल्यावर पुरतात. मातीत. ओल्या, थंड, क्युरपिपच्या मातीत, जिथं एक फडकं धड वाळत नाही. आगीचा चटका नाही, आपला माणूस नाही, आपला एक शब्द नाही. मरणाला ती भ्याली नव्हती, त्या मातीला भ्याली होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा तो ब्रह्मराक्षस तिच्या खाटेशी रोज येऊन बसत होता.

शेजारच्या खाटेवर सोलांज होती. दक्षिण किनाऱ्यावरच्या कोळ्याची क्रेओल विधवा, एके काळची बडबडी. पहिल्या दिवशी तिनं स्वतःच्या पायातले लोकरी मोजे काढून भगवतीच्या अंगावर फेकले होते आणि म्हणाली होती, "घाल, माझ्या पायांना आता काही कळत नाही." मग तिचा श्वास चढत गेला. आज दुपारी पाद्री आले. मेणबत्ती पेटली. पाद्र्यांनी सोलांजच्या कपाळाला, तळहातांना तेल लावलं, पुटपुटत काहीतरी म्हटलं. मासेर गुडघे टेकून बसली होती.

भगवती ब्लँकेटच्या फटीतून बघत होती. तिची पाचावर धारण बसली. तेल लावलं, म्हणजे झालं. आणि पुढची खाट तिचीच.

पाद्री गेले, मासेर त्यांना पोचवायला गेली, तशी म्हातारी उठली. गाठोडं काखोटीला मारलं आणि भिंत धरत धरत स्वयंपाकघराच्या दारानं निघाली. बाहेर पावसानं सगळं पांढरं झालं होतं. बाजाराची पडवी तरी आपली होती, डोकं पूर्वेला करून झोपता येत होतं.

"काकी! कुटं निघालीस गं अशी?"

चुलीपाशी कांदे चिरणारी बाई मराठीत ओरडली. भगवती दचकली. ही चंपा, वाक्वा गावची, सिस्टरांकडे सूप रांधायची. दोघींची आजवर तोंडओळखही नव्हती, कारण चंपा चूल सोडून खोलीत कधी जात नसे. पण गाठोडं बांधायची तऱ्हा तिनं ओळखली.

"जाऊ दे मला, पोरी," भगवती म्हणाली. "मी न्हाय मरनार हितं."

"मरतेस कशाला? बस. दिते पी, गरम च्या." चंपानं तिला हाताला धरून बसवलं आणि चटकन हात मागे घेतला. "आयो, केवडी तापलीस! अशी भायेर गेलीस तर फाटकापर्यंत बी न्हाय पोचायची."

चहाचा कप हातात आला आणि आपली भाषा कानावर पडली, तशी म्हातारीच्या मनाची गाठ सुटली. ती कुजबुजत बोलली, जणू चूलसुद्धा ऐकत होती. "त्यांनी समद्यांचे पाय तकडं केल्यात. तकडं गं! आज शेजारनीला तेल लावलं. उद्या मला लावतील. मग पुरतील. मला मातीत न्हाय जायचं, पोरी. मला आग पायजे."

चंपा आधी हसली. मग सुरी खाली ठेवून खोलीच्या दाराशी गेली, आत डोकावली, उजेड कुठून येतो ते पाहिलं, आणि तिचं हसू गेलं.

"बोंदिये," अरे देवा म्हणावं तसं ती पुटपुटली. "समद्यांचेच की."

मासेर तेवढ्यात परतली होती. चंपानं तिला तिथंच, चुलीसमोर, क्रेओलमध्ये सगळं सांगितलं. मासेर ऐकत ऐकत स्टुलावर बसली.

"म्हणजे मी रोज सकाळी तुम्हाला धरून..." गोरीमोरी झाली बिचारी. "माफ करा, मेमे. आम्ही फक्त वाऱ्याचा विचार केला."

"आनि आगीचं?" भगवतीनं चंपाला विचारलं. मासेरला विचारण्याएवढा धीर अजून नव्हता.

"अगं, मागच्या हिवाळ्यात हरिलालबाबा म्हनून एक म्हातारा गेला न्हाय का हितं? पलीकडच्या खोलीत? मासेरनंच आपल्या मराठी मंडळीस्नी बोलावलं. समदं आपल्या रीतीनं झालं, आगीत गेला. मी सोता बघितलंय."

भगवतीनं मान हलवली. पटलं का? अर्धं पटलं. भीती ही अशी जात आहे, की समजूत काढली तरी ती उंबऱ्यावर बसून राहते.

संध्याकाळी, सूप वाढून झाल्यावर, मासेर आणि चंपा खाट हलवायला आल्या. खाटा दाटीवाटीच्या, मधली वाट चिंचोळी, आडवी एकच खाट मावत होती, ती टोकाला, जिथं मारीमातेचं, येशूच्या आईचं, टेबल होतं. टेबलावर निळ्या झग्यातली मूर्ती, समोर कागदी फुलं. मासेरनं मूर्ती दोन्ही हातांनी उचलली आणि गळक्या खिडकीशी नेऊन ठेवली.

"ती इथं राहील," मासेर म्हणाली. "तिला सर्दी होत नाही. मेमे, तुमचं डोकं पूर्वेला. चालेल?"

चालेल म्हणजे काय! भगवतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या एका शब्दासाठी या बाईनं स्वतःची देवी वाऱ्यात उभी केली होती. ती उठून बसली, गाठोडं मांडीवर घेतलं. चंपानं खाटेला हात घातला.

"तिला कुठं नेता?"

आवाज सोलांजचा होता. दुपारपासून ती बोललीच नव्हती. एका कुशीवर पडून होती, भगवतीच्या बाजूला तोंड करून, दुसऱ्या कुशीवर तिला श्वास घेता येत नव्हता.

"जवळच, तिथं टोकाला," मासेर म्हणाली आणि तिच्या पाठीशी बसून तिनं खांद्यावर हात ठेवला. "मी आहे ना तुझ्याजवळ."

"तू पाठीमागं आहेस." सोलांज थांबून थांबून बोलत होती. "मला समोरचं दिसतं. चार रात्री मी हिचे पाय बघतेय. मोजे माझेच. तेही नेता आता?" मग बराच वेळ नुसता श्वास. "मला भीती वाटते."

भगवती बघतच राहिली. हिचं तर सगळं झालं होतं. पाद्री येऊन गेले, तेल लागलं, भिंतीवर हिचा देव, उशाशी हिच्या धर्माची मासेर. हिची माती हिला ठाऊक होती, तिकडे जायची वाटही ठाऊक होती. तरी हिला भीती वाटत होती! तशीच, पोटातून येणारी, एकटीची. आपल्यासारखीच.

"चल काकी, उतर खाली," चंपा म्हणाली.

भगवती उतरली नाही. गाठोडं तिनं खाली सोडलं.

"ऱ्हाऊ दे खाट."

"अगं, आता कुटं समदं जमलंय..."

"ऱ्हाऊ दे म्हटलं ना!"

आणि म्हातारी आपणहून फिरली. कुणी खांद्याला धरलं नव्हतं. हात टेकत, खोकत, ती उशीपर्यंत सरकली आणि डोकं भिंतीकडे करून सोलांजकडे तोंड करून पडली. मासेर अर्धवट उठली, मग पुन्हा बसली. भगवतीच्या मनात रामाचं नाव चाललं होतं, तेही नीट येत नव्हतं. तिनं एक युक्ती केली. गुडघे पोटाशी घेतले, पाय दुमडून घेतले. म्हणजे झोपले खरी, पण पाय काही तिकडे नाहीत. यमाला फसवायला एवढं पुरेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

सोलांजनं डोळे उघडून तिला पाहिलं. पहिल्यांदाच एवढ्या जवळून.

"बोंदिये," ती म्हणाली, "तू तर माझ्यापेक्षा म्हातारी आहेस."

"असंन," भगवती मराठीतच म्हणाली.

सोलांजचा हात ब्लँकेटमधून बाहेर आला आणि दोन खाटांमध्ये चाचपडू लागला. भगवतीनं आपला पुढं केला. पोचेना. मुडपलेले गुडघे मध्ये येत होते. खाटेच्या कडेला यायचं तर अंग लांब करायला हवं होतं. तो हात हवेत थोडा वेळ थांबला, मग दमून खाली जाऊ लागला.

खिडकीतून वारा येत होता, दक्षिणेचा, समुद्रावरचा. भगवतीनं डोळे गच्च मिटले आणि पाय सरळ केले.