विहिरीच्या कठड्यावरची टकटक

मित्रांनो, एक विहीर बदनाम झाली तर एका माणसाच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी ऐका. गल्लीच्या तोंडाशी त्याचं पाण्याच्या जारचं दुकान होतं. दुसऱ्या टोकाला त्याच्या विधवा वहिनीची खानावळ, आणि खानावळीच्या अंगणात कधी न आटणारी विहीर. जेवणारे तेच पाणी प्यायचे, शेजारीही कळशा भरून न्यायचे. विहीर गेली की गल्लीत जार शिरणार होते. खानावळ बसली की तिची जागा अलगद हातात येणार होती. आणि त्याच्याकडे राहणारी म्हातारी आई रोज दुपारी "थोरलीच्या विहिरीचं पाणी आणा रे" म्हणायची, तेही थांबणार होतं. असे तीन पक्षी मारायला त्याला एक दगड हवा होता. त्याने मला उचललं.

मी एक जुना किरणमापक आहे. पुढे एक नळी, मागे पेटी, पेटीवर काटा आणि आत एक छोटा कर्णा. नळीत किरण शिरला की मी 'टक्' म्हणतो. माझी उमेदीची वर्षं एका महाविद्यालयात खडकांचे तुकडे तपासण्यात गेली. मुलं नळी मातीवर धरायची, विटेवर धरायची, खताच्या पोत्यावर धरायची आणि मी बोलायचो. कारण किरणोत्सार निसर्गानेच सगळीकडे थोडा थोडा पेरून ठेवला आहे. मातीत आहे, पाण्यात आहे, बटाट्यात आणि केळ्यात आहे, तुमच्या हाडांतही आहे. कुठे चिमूटभर, कुठे पसाभर. शिक्षक म्हणायचे, "हा कधी खोटं बोलत नाही." त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं काढली. मग नवी यंत्रं आली आणि मी भंगारात गेलो.

भंगारातून मला या दीराने आणलं आणि बायकोची लाल नेलपॉलिश घेऊन माझ्या तबकडीवर पट्टा ओढला. तोही इतका अलीकडे की काटा जरासा हलला तरी लालात शिरावा. जन्मभर खरं बोललेल्याच्या तोंडाला रंग फासला, मित्रांनो. मी तेव्हाच ठरवलं की याचं उट्टं काढायचं.

एका सकाळी त्याने गल्ली गोळा केली आणि मला विहिरीच्या कठड्यावर ठेवलं. कठडा ग्रॅनाइटचा. या दगडात किरणोत्सार मातीपेक्षा जरा जास्तच. मी टकटकलो, काटा लालात गेला.

"बघा," तो म्हणाला, "विष आहे पाण्यात."

"भाऊजी, मग पाण्याजवळ तरी न्या त्याला," वहिनी म्हणाल्या. "ते तर दगडावर बसलंय."

"पाणी लागलं की बिघडतं ते, वहिनी. वाफेवरूनच ओळखतं."

कोपऱ्यावरचे शिंपीकाका मान हलवून म्हणाले, "यंत्र कशाला खोटं बोलेल?" माझंच ब्रीद माझ्याच गळ्यात अडकवलं. दुपारी खानावळीत पानं मांडलेली तशीच राहिली.

इथे दीराने चूक केली. जाताना मला वहिनींच्या ओट्यावर ठेवून म्हणाला, "राहू दे तुमच्याकडे. रोज मोजा आणि जपून राहा." जिंकलेल्या माणसाला टोमणा आवरत नाही.

वहिनींनी रोज मोजलं. पाण्याचा पेला घरात नेऊन नळीपुढे धरला, तर मी रिकाम्या खोलीत जेवढा बोलतो तेवढाच बोललो. कठड्यावर ठेवलं की पुन्हा बडबड. त्यांनी पाणी प्रयोगशाळेतही पाठवलं, कारण पाण्यातलं सगळं काही मला कळत नाही. पाणी चांगलं निघालं. मला वाटलं, आता ही बाई गल्लीभर ओरडेल. तिने ब्रही काढला नाही. मला पुसलं, नव्या बॅटऱ्या घातल्या आणि वाट पाहत बसली. मला मालकीण मनासारखी मिळाली होती.

जार खपू लागले, तसं दीराने दुकान वाढवलं. नवा ओटा घडवला चकचकीत ग्रॅनाइटचा, विहिरीच्या कठड्याच्याच खाणीतला. "आपल्या घराण्याचा दगड," असं तो भेटेल त्याला सांगत होता. उद्‌घाटनाला गल्ली जमली, आईला खुर्ची दिली. वहिनी मला पदराआड घेऊन आल्या.

"भाऊजी, तुम्ही माझी विहीर फुकट तपासलीत. उपकार कशाला ठेवू?" असं म्हणून त्यांनी मला ओट्यावर, जारच्या रांगेत ठेवलं.

काय सांगू, मित्रांनो. इतक्या आनंदाने मी कधी टकटकलो नव्हतो.

"अहो, हे तर विहिरीवरच्यापेक्षा जास्त बोलतंय," शिंपीकाका दोन पावलं मागे सरले.

दीर घाईने पुढे आला. "काका, पाण्यात काही नाही. हा दगड बोलतोय. दगडात असतंच ते. मातीत असतं, बटाट्यात असतं. एवढ्याने कुणाला काही होत नाही."

"जरा मोठ्याने सांगा," वहिनी म्हणाल्या, "मागच्यांना ऐकू आलं नाही."

त्याने मोठ्याने सांगितलं.

"आणि माझ्या विहिरीचा कठडा कशाचा आहे, भाऊजी?"

वहिनींनी सगळ्यांदेखत नखाने माझ्या तोंडावरचा लाल पट्टा खरवडून काढला आणि मला घेऊन घरी आल्या.

जारचं दुकान पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही टिकलं नाही. खानावळीत पानं पुन्हा मांडली जाऊ लागली, सगळी नाहीत, पण बरीच. मी आता वहिनींच्या फळीवर असतो, तोंड स्वच्छ आहे. मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, आणि कुणी आमच्या तोंडून बोलू लागला तर आमची नळी कुठे टेकवली आहे ते आधी पाहा. सूड घेतल्याचं मला दुःख नाही.

फक्त हिशेब पुरा सांगतो. दीराचं दुकान गेलं, ते त्याचंच देणं होतं. पण त्याच्या घरात न खपलेल्या जारची थप्पी अजून आहे, आणि म्हातारी आता तेच पाणी पिते. ती धाकट्याकडे राहते. भर गल्लीत लेकाची मान खाली गेलेली तिने खुर्चीत बसून पाहिली. वहिनी रोज दुपारी विहिरीच्या पाण्याचा तांब्या तिच्याकडे पाठवतात.

तांब्या भरलेला जातो, आणि भरलेलाच परत येतो.