तसलं काही नाही

"रात्रीत किती वेळा उठता?" डॉक्टरनं विचारलं.

"तीनदा," क्रेनवाला म्हणाला.

"पाचदा," शेजारच्या खुर्चीतून बायको म्हणाली. "आणि आत गेले की लवकर बाहेर येत नाहीत. पेपर वाचतात की काय, देव जाणे!"

डॉक्टर हसला. लिहिता लिहिता म्हणाला, "आणि नवरा-बायकोचे संबंध? लघवीचा त्रास असला की पुष्कळांना तिथंही अडचण येते. दोन्ही दुखणी जोडीनं येतात. लाजू नका, इलाज आहे."

क्रेनवाल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बत्तीस वर्षं तो गोदीतल्या क्रेनच्या केबिनमध्ये बसला होता. खालून मुकादम वायरलेसवर विचारायचा, "वर सगळं ठीक?" ओटीपोट फुटायची वेळ आली तरी याचं उत्तर एकच, "ठीक." नाही म्हटलं की काम थांबायचं आणि खालची सगळी माणसं माना वर करून बघायची.

"तसलं काही नाही," तो म्हणाला. "त्या बाबतीत मी ठणठणीत आहे."

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. मग मान खाली घातली.

दोन वर्षांपूर्वी तिची गर्भपिशवी काढली. ती बरी होते न होते तोच याला कळून चुकलं, की आपलं अंग आता साथ देत नाही. तिच्यासमोर फजिती नको म्हणून त्यानं अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं. सांगितलं काय, तर "सारखा उठतो, तुझी झोपमोड नको." एकदा पहाटे ती उशाशी येऊन बसली, छातीवर हात ठेवला. हा झोपेचं सोंग घेऊन पडून राहिला.

औषधांच्या खिडकीपाशी रांगेत ती हळूच म्हणाली, "पिशवी गेली की बाईत काही उरत नाही, असं जाऊबाई म्हणाल्या होत्या. केवढी भांडले मी त्यांच्याशी! म्हटलं, यांनाच काहीतरी होत असेल, बोलत नसतील." ती कसंनुसं हसली. "त्यांचंच खरं निघालं."

"अगं, ऐक..."

आणि नेमकी तेव्हाच कळ आली. तो भिंतीला धरत मुतारीकडे धावला. थेंब थेंब. मागून कुणीतरी ओरडलं, "आजोबा, मुक्कामाला आलात का?" दोघं-तिघं हसले. तो समोरच्या फरशीला पुटपुटून सांगत होता, 'मी खोटं बोललो. दोष माझ्यात आहे.' चार वेळा घोकलं.

परत आला तेव्हा ती औषधं घेऊन उभी होती.

"मघाशी मी डॉक्टरला खोटं सांगितलं," तो एका दमात म्हणाला. "मलाच होत नाही गं. तुझ्यात काही कमी नाही."

तिनं त्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "माझं मन राखायला स्वतःकडे कमीपणा घेऊ नका."

"शप्पथ..."

"चला, बस चुकेल."

बसमध्ये दाराजवळ एकच जागा रिकामी होती. तिनं दंडाला धरून त्याला बसवलं, औषधांची पुडी हातात दिली. "जरा वाट द्या हो, आजारी माणूस आहे," असं लोकांना सांगत ती मागं सरकत गेली, पार शेवटच्या दांड्यापर्यंत. मधे माणसं भरत गेली.