पुढची दोन चाकं

"तुमच्या साहेबांनी माणसाला दोषी ठरवलं आणि गाडीकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही," ती म्हणाली आणि पान्यावर पाय देऊन चाकाचा पहिला नट सैल केला. "खुर्चीत बसून निकाल द्यायला त्यांचं काय जातंय? एकदा स्टिअरिंग धरून बघायचं होतं."

वडील जुन्या टायरांच्या थप्पीवर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन. त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही.

गाडी रुग्णालयाची होती. डायलिसिसच्या पेशंटांना घरून आणायचं आणि परत सोडायचं, हे वडिलांचं काम. गेल्या आठवड्यात एका नर्सने तक्रार केली, की ड्रायव्हरकाकांचे हात थरथरतात. वडील म्हणाले, हात नाही, गाडी थरथरते. साहेबांनी आज ऐकून घेतलं आणि उद्या सकाळी आपण स्वतः शेजारी बसून बघू म्हणाले. पण निकाल त्यांच्या तोंडावर आधीच लिहिलेला होता, असं आई फोनवर सांगत होती, जणू काही ती तिथे हजरच होती. फोन ठेवला तशी मुलगी तडक गेली आणि गाडी आणि वडील, दोघांनाही आपल्या टायरच्या दुकानात घेऊन आली. वडील वाटेत नको नको म्हणत होते. आधी साहेबांना बघू दे, मग दुरुस्त कर. तिने ऐकलं नाही. काम झालं की मीच साहेबांना फोन लावते, तिने बजावलं होतं.

येतानाच तिने गाडी बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर पळवून पाहिली होती. साठपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागली. ऐंशीला स्टिअरिंगला हुडहुडी भरली. ब्रेक दाबल्यावर थरथर वाढली नाही, म्हणजे दोष ब्रेकचा नव्हता. सीट शांत होती, म्हणजे मागची चाकं संशयातून सुटली. राहिली पुढची. त्यांचा तोल गेला होता. तिला एकदम हलकं वाटलं. तिचा बाप निर्दोष होता.

शेजारचा पंक्चरवाला चहाचे ग्लास घेऊन आला. तो तिला डॉक्टरीणबाई म्हणायचा.

"काय डॉक्टरीणबाई, पेशंट वाचेल का?"

"पेशंट ठणठणीत आहे. नातेवाईकच बोंबलतायत."

वडिलांनी ग्लास घेतला नाही. चहा कमी केलाय म्हणाले. हे तिला नवीन होतं. हा माणूस जेवण चुकवेल, चहा नाही.

तिने चाक मशीनवर चढवलं आणि फिरवलं. कुठलंच चाक सगळीकडून सारखं जड नसतं. हलक्या बाजूला आतून शिशाची छोटी पट्टी चिकटवली की ते नीट फिरतं. या चाकांना पट्ट्या तिनेच लावल्या होत्या, टायर नवे घातले तेव्हा. मशीनने दाखवलं, पट्टी नाही. होतं असं. गाडी खड्ड्यात आपटली की पट्टी गळते. बॅटरी घेऊन तिने आत पाहिलं.

गळलेली पट्टी आपला गोंद मागे ठेवून जाते. इथे गोंद नव्हता. ब्रेकच्या काळ्या धुळीने माखलेल्या रिमवर पट्टीच्या जागी बोटभर चौकोन घासलेल्या ताटासारखा चकचकीत होता. तिने त्यावरून अंगठा फिरवला. मग दुसरं चाक उतरवलं. तिथेही तसाच चौकोन.

कुठलंही काम झालं की फडकं घेऊन जागा पुसायची, ही सवय तिला वडिलांनीच लावली होती. घरी नळाचा वायसर बदलला तरी ते खालची फरशी पुसून उठायचे.

तिने मागे वळून पाहिलं नाही. दोन्ही चाकांना नव्या पट्ट्या लावल्या, अंगठ्याने दाबून धरल्या, चाकं पुन्हा मशीनवर फिरवली. मशीन समाधानी होतं. चाकं बसवून तिने नट आवळले आणि हात पुसले.

"चला बाबा. तुम्ही चालवा."

"तूच चालव की. तुझं काम आहे ते."

"तुम्ही चालवा."

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. वडिलांनी वेग वाढवला. साठ, सत्तर, ऐंशी. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. इतकी शांत, की टकटक, टकटक असा एक बारीक आवाज ऐकू येऊ लागला. तिने डॅशबोर्डवर हात ठेवला. तिथून नव्हता. वडिलांच्या डाव्या हातातली अंगठी स्टिअरिंगवर वाजत होती.

त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि डावा हात मांडीखाली सरकवला.

"साहेबांना मोठ्या रस्त्यावर आणून गाडी थरथरताना दाखवणार होतो," ते समोर बघत म्हणाले. "माझ्या आधीच्या ड्रायव्हरला हात थरथरतात म्हणून असंच काढलं. गेटवर बसवा म्हणून हात जोडले त्याने. एका दिवसात घरी. औषध आहे का, दुसरं काम जमेल का, कुणी विचारलं नाही. तुझी आईच हल्ली कप अर्धा भरते. तीही विचारत नाही."

मग घाईघाईने म्हणाले, "पेशंट असले की चाळिसाच्या वर नेत नाही मी. देवाशपथ."

"चाळिसाला ही गाडी थरथरत नाही, बाबा. नर्सने जे पाहिलं ते चाळिसालाच पाहिलं."

बाजूने एक ट्रक गेला आणि गाडी जागच्या जागी जराशी हलली.

तिने फोन काढला, साहेबांचा नंबर शोधला आणि तो दोघांच्या मधे, गिअरच्या शेजारी ठेवला.

"त्या ड्रायव्हरला तसं काढलं, ते साहेबांचं चुकलंच. तुमच्यासाठी दुसरं काम मागायला मी तुमच्याबरोबर येते, त्यांच्या टेबलासमोर उभी राहते. पण उद्या सकाळी मागच्या सीटवर माणसं बसणार आहेत. सांगा बाबा, फोन तुम्ही करताय की मी करू?"