कनवटीचा ठिपका

भिकुबाई टेबलावर उताणी पडली होती. तिच्या अंगावरून गॅमा कॅमेरा मुंगीच्या पावलानं सरकत होता, आणि काचेपलीकडे रूपालीला एका जागी बसवत नव्हतं. नंदुरबारच्या या स्कॅन सेंटरात ती आठ वर्षं तंत्रज्ञ. हजारो लोकांची हाडं पाहिली, पण स्वतःच्या आईची आजच. वर्षापूर्वी म्हातारीच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली होती, आता कंबर दुखत होती. दुखणं हाडात उतरलंय का, एवढंच बघायचं. एवढंच म्हणे!

सकाळी रूपालीनंच आईच्या हातात किरणोत्सारी औषध टोचलं, वर कापूस दाबून धरायला दिला. ते हाडात मुरून दुखऱ्या जागी साठेपर्यंत तीन तास तिनं येरझाऱ्या घातल्या. नंतर झगा पुढे केला, तर म्हातारी फिस्कारली, "माले नही घालना तो झगा! मन्हं लुगडं काय वाईट शे?" दुसऱ्या कुणाचं रूपालीनं ऐकलं नसतं. आईपुढे कोण बोलणार?

आणि पडद्यावर डाव्या कमरेशी ठिपका उगवला.

जुन्या कॅमेऱ्यात असा ठिपका धुरकट दिसायचा, शंकेला जागा असायची. दिवाळीत आलेल्या या नव्यातले स्फटिक गॅमा किरण थेट पकडतात आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या डागाचंही चित्र रेखीव काढतात. रूपालीनं कौतुकानं सगळ्यांना दाखवलं होतं. आज वाटलं, जळो मेलं ते कौतुक!

"काय दिखनं व रूपा?" माइकमधून आईचा आवाज आला.

"काही नही, माय. हालू नको."

बाजूनं चित्र घ्यायलाच हवं होतं. बटणाकडे बोट जाईना. डॉक्टरांना हाक मारावी का? नको, आधी आपणच पाहू. डोळे मिटून तिनं बटण दाबलं. उघडले, तर ठिपका हाडात नव्हताच. पोटाच्याही बाहेर, कातडीच्या बोटभर वर, हवेत लटकत होता.

हातमोजे चढवत ती आत धावली. "माय, कनवटीले काय शे?"

भिकुबाईनं लुगड्याच्या कनवटीतून सकाळचा कापूस काढला. रक्ताचा डाग, त्यात औषधाचा थेंब. "तुन्ही खोली इतली चकचकीत. कोठे फेकू?"

"अगं काय हे, माय!" रूपाली ओरडली, आणि ओरडता ओरडता रडायलाच लागली. कापूस शिशाच्या डब्यात टाकला. आता झग्याला म्हातारी नाही म्हणाली नाही. पुन्हा चित्र घेतलं. कंबर स्वच्छ. डॉक्टरही बघून म्हणाले, हाडं चांगली आहेत.

डोळे पुसत ती आईजवळ आली. "काही नही, माय. खरंच काही नही."

भिकुबाईनं तिच्याकडे रोखून पाहिलं.

"हाईच तं तू मगाशी बी सांगं व्हतं."

आठ वर्षांत रूपालीनं एकाही पेशंटला पडदा दाखवला नव्हता. तिनं आईचा हात धरून तिला काचेपलीकडे नेलं, खुर्चीत बसवलं, आणि ठिपक्याचं नि स्वच्छ, दोन्ही चित्रं समोर उघडली.