बाहेरचं बाकडं

आमच्या संशोधनात पुरुष नव्हताच. गरोदर बाईला सिफिलिस, म्हणजे लोक ज्याला गरमी म्हणतात तो रोग झाला, तर एक इंजेक्शन पुरतं की जास्त लागतात, एवढाच प्रश्न. त्यासाठी बायकांचं रक्त, बायकांच्या कमरेत सुई, पुन्हा बायकांचं रक्त. आणि नवरे? नवरे बाहेर दवाखान्याच्या व्हरांड्यात, जुन्या लाकडी बाकड्यावर, पंख्याखाली, मोबाईलमध्ये डोकं घालून. जणू बायकांना हा रोग नळाच्या पाण्यातून झाला होता!

प्रयोगशाळा मी सांभाळते. इंजेक्शननंतर रक्तातल्या तपासणीचा आकडा उतरायला हवा. उतरायचाही. मग कित्येकींचा पुन्हा चढायचा. यावर मोठे सर, आमचे प्रकल्पप्रमुख, चक्क खूश.

"डोस कमी पडतोय, मॅडम. हाच आपला निष्कर्ष."

"डोस कसला कमी पडतोय सर! बाई बरी होऊन घरी जाते, आणि घरी नवरा आहे तसाच. त्याला आपण तपासलंय कुठे?"

"प्रकल्प मातांचा आहे. पुरुषांना हात लावला, तर ते बायकांनाही पाठवणार नाहीत. मग संशोधन कुणावर करायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि वर त्या सुळीचा शोधनिबंध!

एका सकाळी आमच्या एका पेशंटचा, घरी कपडे शिवणाऱ्या शिलाईवालीचा, आकडा चढलेला आला. सातवा महिना. पहिलं मूल पोटातच गेलेलं. एरवी तोंडाचा पट्टा चालू असायचा तिचा. सुई दिसली की म्हणायची, "मी रोज कापडाला टोचते मॅडम, आज कापडाची पाळी." आज मात्र मान खाली, कारण शेजारी सासू.

"हिच्यातच खोट आहे," सासू मला सांगत होती. "पहिलं खाल्लं, आता दुसऱ्यावर उठलीय. मेलं औषधसुद्धा लागत नाही हिला."

सासूला मी बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं.

"तुला काय झालंय, कुणी सांगितलं?"

"रक्त खराब आहे म्हणाले."

रक्त खराब! एवढ्या सुया टोचल्या, आणि सांगितलं काय, तर रक्त खराब! मी तिला सगळं सांगितलं, रोगाच्या नावासकट. तिने ओढणीचं टोक मुठीत चुरगाळलं.

"म्हणजे मी बरी झाले होते?"

"झाली होतीस."

"आणि परत घरातूनच..."

"हो. बाळ वाचवायचं तर तुझ्याबरोबर नवऱ्यालाही आजच इंजेक्शन हवं. तू म्हणशील तर बोलावते. नको म्हणालीस तर शब्द या खोलीबाहेर जाणार नाही. घरी हात उचलतो का तुझ्यावर?"

"छे हो. हात उचलत नाहीत, तोंडही उघडत नाहीत. आई मला बोलतात, ते ऐकून घेतात." ती उठली. "मीच बोलावते."

बाहेर बाकड्यावर तिचा नवरा, शाळेत मास्तर. कडक इस्त्रीचा शर्ट.

"अहो, उठा. आत चला, रक्त द्यायचंय."

"मी? मला काय झालंय?"

"तेच बघायचंय. पहिल्याच्या वेळीच बघायला हवं होतं."

अख्ख्या बाकड्याने मोबाईलमधून डोकं वर काढलं. सासू तरातरा पुढे आली. "अगं ए, पोटुशी तू! त्याचा काय संबंध?"

"आई, तू गप्प बस," मास्तर म्हणाला. बुटांकडे बघतच आत आला आणि माझ्यासमोर त्याने बाही वर केली. सासू त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

गलबला ऐकून मोठे सर धावत आले. "मॅडम, हे आपल्या नियमांत बसत नाही! आकडे बिघडतील सगळे!"

"बिघडू देत! पोर जगलं तर आकडे गेले खड्ड्यात!"

दोघांनाही इंजेक्शन दिलं. मास्तर कण्हला. शिलाईवालीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "आता हे राहील ना, मॅडम?" तिने विचारलं. खोटं मला बोलवेना. म्हटलं, "आता आशा आहे. याआधी आम्ही ती ठेवलीच नव्हती."

दोघं आत असतानाच सासू दारात येऊन उभी राहिली. आवाज पार उतरलेला.

"बाई, याच्या आधीचे माझे दोन पोटातच गेले. पोरं खाणारी म्हणायचे मला. इथंच यायचे मी. सुया मलाच टोचायचे."

"आणि याचे वडील?"

तिने मागे वळून बाहेर बघितलं.

"बाहेर बसायचे. याच बाकड्यावर."