पाऱ्याला धरणारा

सावलीनं अखेर पाऱ्याला अडवलं. अख्ख्या कारकिर्दीत जे जमलं नाही, ते सत्तरी ओलांडल्यावर जमलं. पण ही बातमी आपण इथेच विसरून जाऊ. असं काही झालेलंच नाही. आत्ता दुपारचा चहा व्हायचाय, वृद्धाश्रमाच्या लांबलचक व्हरांड्यात पारा खुर्चीतून उठतोय आणि फाटकाच्या वाटेवर सावली गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून उभा आहे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा कोंबडी पकडतोय.

"आज कुठनं जातोस बघतो," सावली म्हणाला.

"तू अजून मेला नाहीस?" पारा म्हणाला. "सरक, चिकट्या."

सावलीला बरं वाटलं.

व्याकरणात सावली स्त्रीलिंगी असली तरी हा सावली दारातून वाकून जाणारा उंच बाप्या होता. दोघंही धंदेवाईक बास्केटबॉल खेळाडू, पण एकमेकांच्या उरावर बसलेल्या दोन क्लबांचे. पारा बास्केटमागून बास्केट करायचा. हातात म्हणून सापडायचा नाही, त्यावरून ते नाव. सावली क्लबात आला त्या दिवशीच कोचनं त्याला बोट दाखवून सांगितलं होतं, "तो दिसतो? त्याला धर. तो पाणी प्यायला गेला तर तुलाही तहान लागली पाहिजे." झालं. तीच नोकरी, तीच बढती. चेंडूशी सावलीचा संबंध दूरच्या नातेवाइकाइतकाच राहिला.

पेपरात त्याचे फोटो मात्र भरपूर यायचे. पारा हवेत उडालेला आणि कडेला सावलीचं कोपर. कधी कान. एकदा अर्धा बूट. बायकोनं ते सगळे कापून ठेवले होते. तिचं म्हणणं, तुकडे नीट जोडले तर एक अख्खा नवरा निघेल.

आणि एवढं चिकटूनही पारा दर वेळी निसटायचा. डावीकडे हूल द्यायची आणि उजवीकडून जायचं, एवढंच त्याचं भांडवल. ते प्रेक्षकांना माहीत होतं, शेंगदाणे विकणाऱ्याला माहीत होतं, सावलीला तर तोंडपाठ होतं. तरी त्याचं शरीर डावीकडेच जायचं. फोटो काढताना डोळे मिटायचे नाहीत हे माहीत असूनही मिटतात, तसं.

खेळणं सुटल्यावर दोघांची गाठ पडली नाही. मग एक दिवस पाऱ्याच्या मुलीचा फोन आला.

"काका, बाबांना आता काही आठवत नाही. आश्रमातून दोनदा पळाले. परवा चौकात मधोमध उभे होते, बसच्या ड्रायव्हरकडे पास मागत."

"तिकिटाचा पास?"

"नाही हो, चेंडूचा. मेट्रन म्हणाल्या, पुन्हा फाटकाबाहेर गेले तर वरच्या मजल्यावर हलवू. तिथे कुलूप असतं, काका. तिथली माणसं... असो. डॉक्टर म्हणतात, रोज कुणीतरी ओळखीचं हवं. मला ते विचारतात, बाई, तुम्ही कोण? पण तुमचा जुना फोटो दाखवला तर लगेच शिवी दिली."

"कुठली?"

"सांगण्यासारखी नाहीये."

सावलीचे डोळे भरून आले. "मग ओळखलं त्यानं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो ड्युटीवर रुजू झाला.

"निघालात?" बायको त्याच्या गुडघ्याला पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणायची. "सवत परवडली असती. निदान तिनं तुमचे गुडघे तरी शाबूत ठेवले असते."

"सवतीला डावीकडे हूल देता आली असती का?"

"जा आता. आणि पडू नका. उचलायला मला दोन माणसं बोलवावी लागतील."

पहिले काही दिवस सावलीनं त्याला खरोखर अडवायचा प्रयत्न केला. पारा खरोखर निसटला. सिस्टरनं धावत जाऊन फाटक लावलं म्हणून बरं. पण मग पारा फाटकाच्या गजांना धरून रडायचा, आणि ते काही बघवायचं नाही. सावली घरी येऊन विचार करत बसला. हा जातो कुठे? कुठेच नाही. याला बाहेर जायचंच नाहीये, याला बास्केट करायचीय. बास्केट जिकडे, तिकडे हा.

मग धोब्याची वेताची टोपली व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, फाटकाच्या बरोब्बर उलट दिशेला, खिळ्यावर टांगण्यात आली. चेंडू म्हणून जुन्या मोज्यांचा गोळा. पंच म्हणून सिस्टर. तिनं स्वतःच्या पदरचे पैसे घालून शिट्टी आणली आणि म्हणाली, "काका, मोजे आपणहून टोपलीत टाकणारे पुरुष मी जन्मात पहिल्यांदाच बघतेय."

आता सावलीचं काम एकच. फाटकाच्या वाटेवर उभं राहायचं, पाऱ्याला वळवायचं, टोपलीपुढे आडवं जायचं आणि मग हरायचं. तेही पटेल असं, कारण फुकटची बास्केट पाऱ्याला चालायची नाही. एकदा सावली जरा लवकर बाजूला झाला तर पारा भडकला. "पैसे खाल्लेस का रे?" पण हरण्यात सावलीचा हात धरणारं कुणी नव्हतं. पारा डावीकडे हूल द्यायचा, सावली 'अरे अरे' करत डावीकडे जायचा, मोजे टोपलीत पडायचे, शिट्टी वाजायची. मग दोघं शेजारी बसून चहा प्यायचे.

"चांगला अडवतोस तू," पारा दिलदारपणे म्हणायचा. "थोडा कमी पडतोस."

"आईनं दूध कमी पाजलं."

"उद्या येणारेस?"

"तू असलास तर येणारच ना. मला दुसरं काय काम आहे?"

असं बरेच दिवस चाललं. पारा हळूहळू मंद होत गेला. हूल इतकी सावकाश झाली की ती पुरी होईतो सावली नाक पुसून रुमाल खिशात ठेवायचा. कधी पारा अर्ध्यातच थांबून बुचकळ्यात पडायचा, तेव्हा सावली तोंडावर हात धरून पुटपुटायचा, "उजवीकडे, गाढवा, उजवीकडे." आपल्याच विरुद्ध कोचिंग करणारा खेळाडू बास्केटबॉलच्या इतिहासात झाला नसेल. पारा मान डोलावून उजवीकडून जायचा आणि वर ऐकवायचा, "बघितलंस?"

"बघितलं. तोडच नाही तुला."

मग ती दुपार आली. पारा उशिरा उठला. मोजे छातीशी धरून टोपलीपर्यंत आला. खांदा डावीकडे कलला. सावली शिस्तीत डावीकडे गेला, एक हात भिंतीला टेकवून थांबला. उजवी बाजू सताड उघडी. त्या वाटेनं लग्नाची वरात गेली असती.

पारा गेला नाही.

"अरे, जा की," सावली म्हणाला. "मोकळंय."

पारा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं मोज्यांचा गोळा अलगद सावलीच्या हातात दिला. या माणसानं आपल्याच संघातल्या कुणाला सुखासुखी पास दिलेला नव्हता.

"तुम्ही बसा ना," पारा अगदी अदबीनं म्हणाला. "बराच वेळ उभे आहात तुम्ही. पाय दुखत असतील."

"मी सावली. चिकट्या. अरे, मी तो..."

"हो का? छान." पाऱ्यानं खुर्ची पुसल्यासारखी केली आणि पुढे सरकवली. "कुणाला भेटायचंय आपल्याला?"

सावली बसला. पाय खरोखरच दुखत होते.

चहा आला, थंड झाला. पारा बागेकडे बघत राहिला. फाटक उघडं होतं, त्याकडे त्यानं मान वळवली नाही. सिस्टर दोन्ही कप उचलायला आली आणि हळूच म्हणाली, "मेट्रन म्हणत होत्या, आता वरच्या मजल्याचा विषय बंद. आजोबा आता कुठे जात नाहीत. तुम्ही जिंकलात, काका."

सावली उभा राहिला. गुडघे कुरकुरले तरी पूर्ण उंचीनं उभा राहिला. शर्ट खोचला, हात पाठीमागे बांधले आणि कर्णधारानं पंचापुढे बोलावं तसा, आवाज न कापू देता बोलला.

"पंचमहोदया, आजचा निकाल आम्हाला मान्य नाही. समोरच्या खेळाडूनं मला दोन वेळा 'तुम्ही' आणि एकदा 'आपण' म्हटलेलं आहे, त्याची गंभीर दखल घेण्यात यावी. आणि सदर खेळाडूनं उद्यापासून मला पूर्ववत अरे-तुरे करावं, असे आदेश आपल्या स्तरावरून त्वरित निर्गमित व्हावेत, ही नम्र विनंती."